आलात का, महाराज?

कनेरगाव नाक्यावर एसटीची वाट पाहत बसलं की वेळापत्रक बघायची गरज पडत नाही, शेजारच्या बाकावरचं बोलणं पुरतं. गाडी पाऊण तास उशिरा आली तर कोणीतरी म्हणणारच, "लईच लवकर आली की आज! च्या बी पिऊ देईना." कंडक्टरही दाराशी उभा राहून विचारतो, "मग जाऊ का माघारी?" माणसं हसत हसत वर चढतात. तक्रार झाली, ती पोचली आणि भांडण काही झालं नाही. हाच माणूस "गाडी पाऊण तास उशिरा का?" असं सरळ विचारता तर कंडक्टरला उत्तर द्यावं लागलं असतं. उत्तर त्याच्याजवळ नव्हतं, आणि मग आवाज चढले असते.

हिंगोलीहून वाशिमला जाताना हे गाव लागतं. मराठवाडा इथे सरतो आणि पुढे वऱ्हाड सुरू होतो. १९४८ पर्यंत अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे, १९४७ पर्यंत, कारभार इंग्रजांचा. निजामाच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत आणि त्या खात्याच्या नाक्यांच्या आठवणी मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात परवापरवापर्यंत येत असत. राज्यं गेली, नाके गेले, पण दोन्हीकडच्या साहेबांच्या पदव्या बोलण्यात उरल्या. कामाला हात न लावणाऱ्या पोराला आई विचारते, "नवाब लागून गेलास का?" चुलता म्हणतो, "लाटसाहेब उठले वाटतं." वाद घालणारा बॅलिस्टर, हुकूम सोडणारा कलेक्टर. ज्या हुद्द्यापुढे आजा-पणजाने मान खाली घातली, तोच हुद्दा नातवाच्या पिढीत टोमणा म्हणून वापरला जातो. इतिहासाच्या पुस्तकात हा सूड नोंदवलेला सापडणार नाही.

हे सगळं आठवायला एक छोटंसं प्रकरण कारण झालं. याच भागातला, ओळखीतला एक मुलगा पुण्यात नोकरीला लागला. मराठी शाळेतून शिकलेला, मेहनती. वरिष्ठाने मागितलेला तक्ता त्याने तीन दिवस उशिरा पाठवला. वरिष्ठाचं इंग्रजीत एका ओळीचं उत्तर आलं, "थँक्स फॉर द क्विक रिस्पॉन्स." मुलाने लगेच कळवलं, "वेलकम सर." पुढे कधीतरी "ग्रेट जॉब" असा निरोप आला, तो त्याने घरी बापाला पाठवला. बापाने तो चार लोकांना दाखवला. त्या कामात मोठी चूक निघाली होती, हे मुलाला आठ दिवसांनी एका सहकाऱ्याकडून कळलं. आपली चूक झाली याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. बापाने तो निरोप लोकांना दाखवला, हे त्याला फार लागलं.

यावर दोन मतं ऐकली आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिलं मत असं की इंग्रजी शिकवायची तर तिच्यातला उपरोधही शिकवा. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मुलं दहा वर्षं काळ बदलतात, कर्तरीचं कर्मणी करतात, 'डू ॲज डायरेक्टेड' सोडवतात. पण 'व्हेरी फनी' म्हणणारा हसलेला नसतो, 'गुड लक विथ दॅट' हा आशीर्वाद नसतो, 'ॲज इफ' म्हणजे सरळ नकार आणि 'टेल मी अबाउट इट' म्हणणाऱ्याला काहीएक ऐकायचं नसतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. दुसरं मत याच्या उलट. असलं बोलणं मुळातच वाईट, ते कुठल्याच भाषेत नको. वरिष्ठाने 'तीन दिवस उशीर झाला' एवढं लिहिलं असतं तर त्याचं काय गेलं असतं?

आपल्याकडचा मुलगा इंग्रजीत असा फसतो, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. मराठीत उपरोधाला व्याकरणाचा आधार आहे. जन्मभर ज्याला 'अरे' म्हटलं, त्याला आई अचानक "आलात का, महाराज?" असं विचारते. तो आदरार्थी प्रत्यय ऐकूनच पोराच्या पोटात गोळा येतो, सूर ऐकायची वेळच येत नाही. शिवाय वाक्याच्या शेपटाला 'हं', 'बरं का', 'म्हणे', 'वाटतं' असतात. "उपकार झाले हं तुमचे" यातला 'हं' काढून पाहा, वाक्य निम्मं निवतं. इंग्रजीत बापाला, मुलाला, साहेबाला, शिपायाला एकच 'यू'. आदर वाढवून टोचायची सोय तिथे नाही. म्हणून इंग्रज सगळा भार आवाजावर, भुवईवर आणि अतिशयोक्तीवर टाकतो. लिहिताना आवाज जातो, भुवई जाते. उरतात ते कोरे शब्द, आणि आपला मुलगा इंग्रजी शिकला ती शब्दांवरूनच.

जुन्या साहित्यशास्त्राने हे फार आधी हेरलं होतं. सूर बदलून अर्थ फिरवण्याला संस्कृतात 'काकु' म्हणतात आणि रुद्रटाने वक्रोक्तीच्या दोन प्रकारांत एक काकुचाच धरला. (आपल्या प्रत्येक वाड्यात या शास्त्रात पारंगत अशी एक काकू असते, हा निव्वळ योगायोग समजावा.) स्तुतीच्या आडून निंदा केली की ती व्याजस्तुती. इंग्रजीतला 'सार्कॅझम' हा शब्द मांस ओरबाडणे अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला. मराठीतही बोलणं टोचतं, खुपतं, लागतं, चिमटे काढतं. अंगाची उपमा दोघांनीही टाळलेली नाही.

बरं, लिहिलेल्यात सूर हरवतो हे केवळ आपलंच दुखणं नाही. २००५ साली अमेरिकेत जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना काही वाक्यं ई-मेलने पाठवायला दिली होती, काही सरळ आणि काही उपरोधिक. आपला रोख समोरच्याला ७८ टक्के वेळा कळेल असं पाठवणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो कळला ५६ टक्के वेळा. नाणं उडवून ठरवलं असतं तरी आकडा पन्नासाच्या आसपास आलाच असता! आणि ही सगळी इंग्रजीतच वाढलेल्या समाजातली माणसं. लिहिताना आपला सूर आपल्याच कानात वाजत असतो, म्हणून तो कागदावरही उतरला असा भास होतो. तेव्हा पुण्यातल्या त्या वरिष्ठाने आपण केवढा मार्मिक टोला मारला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली असेल, तर तीही जरा घाईच झाली.

उपरोधाच्या बाजूने बोलायचं तर मात्र मराठी माणसाला शिवरामपंत परांजप्यांचं नाव घ्यावंच लागेल. १८६४ साली महाडला जन्मलेले, संस्कृतचे प्राध्यापक. १८९८ साली त्यांनी पुण्यात 'काळ' साप्ताहिक काढलं. त्याच्या आदल्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली होती, तेव्हा सरकारविरुद्ध सरळ लिहिण्याची किंमत काय ते सगळ्यांनी पाहिलं होतं. परांजप्यांनी वेगळी वाट धरली. ते साहेबाच्या राज्याचे गोडवे गात आणि इतके गात, की वाचणाऱ्याला पारतंत्र्याची शरम वाटावी. निंदेचा शब्द पकडावा तर तो पानावर सापडत नसे. वाचक दोन ओळींच्या मधलं वाचायला शिकले, आणि एका अख्ख्या पिढीला हे वाचन या साप्ताहिकाने शिकवलं असं म्हणायला हरकत नाही.

सरकारचीही यात पंचाईत होती. देशी वर्तमानपत्रांतला मजकूर भाषांतर होऊन इंग्रजीत साहेबापुढे जाई. उपरोधाचं भाषांतर करणार कसं? शब्दाला शब्द ठेवला तर राजनिष्ठेचं स्तोत्र तयार होतं. रोख उघड करून लिहावा तर तो भाषांतरकाराचा होतो, लेखकाचा राहत नाही. १९०८ च्या आपल्या खटल्यात टिळकांनीही भाषांतरांवर हरकत घेतली होतीच. पण राजद्रोहाच्या १२४ अ कलमाची भाषा ऐसपैस होती. बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खुणा, चित्रं, 'किंवा अन्य प्रकारे' असं सगळंच तिच्यात मावत होतं. त्याच वर्षी परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. १९१० च्या छापखाना कायद्यानंतर 'काळ' बंद पडला आणि त्यातल्या निबंधांचे संग्रहही सरकारने जप्त केले. मला तसं काही म्हणायचंच नव्हतं, ही उपरोधाची ठरलेली पळवाट. न्यायालयाने तीच बंद करून टाकली.

माझ्या मते सगळा प्रश्न या पळवाटेपाशी येऊन थांबतो. सरळ शिवीला पळवाट नसते, उपरोधाला असते. "मी तर तुमचं कौतुकच केलं" असं म्हणायला बोलणारा केव्हाही मोकळा. ज्याला सरळ बोलल्याने नोकरी, घर किंवा स्वातंत्र्य गमवावं लागेल, त्याला ही पळवाट लागते. परांजप्यांना लागत होती. सासुरवाशिणीला लागत होती. जात्यावरच्या ओव्यांत सासरचं किती कौतुक खरं आणि किती तिरकं, ते दळणाऱ्या दोघींनाच ठाऊक. दार उघडून सत्य सांगण्याची सोय नव्हती, म्हणून त्या खिडकीतून बोलल्या.

पण ज्याला सरळ बोलायला कोणाचीही आडकाठी नाही, त्याने पळवाट कशाला ठेवावी? वरिष्ठाला 'उशीर झाला' म्हणायची कुणाची भीती होती? इथे पळवाटेचा उपयोग एकच. जखम करायची आणि जखमेची जबाबदारी घ्यायची नाही. वर समोरचा दुखावला तर "एवढी साधी थट्टा कळत नाही?" हा दुसरा टोला. पहिल्याने माणूस चुकलेला ठरतो, दुसऱ्याने मूर्खही ठरतो.

आठवीतला एक प्रसंग मला आजही आठवतो. शाळा कुठली ते राहू द्या. शेजारी बसणाऱ्या मुलाचा इंग्रजी निबंध सरांनी वर्गात मोठ्याने वाचला, चुकांसकट, आणि शेवटी वही उंच धरून म्हणाले, "हे बघा, आपल्या वर्गातले शेक्सपिअर." वर्ग हसला. तोही हसला, कारण पहिले दोन-तीन क्षण ते त्याला खरंच कौतुक वाटलं होतं. मग त्याचं हसणं ओठांवरच थिजलं. त्यानंतर वर्षभर त्याने इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही. सर वाईट नव्हते. कोणावर कधी छडी उगारली नाही त्यांनी, आणि बहुधा आपण सौम्य शिक्षक आहोत असंच त्यांना वाटत असावं.

त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. चाळीस-पन्नास पोरांचा वर्ग, हातात छडी नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला मनाई केली ती योग्यच. पण त्याच कलमात मानसिक छळालाही मनाई आहे, हे शिक्षकांच्या खोलीत कमी वेळा आठवतं. यावर कोणी म्हणेल की प्रत्येक तिरकस वाक्याला छळ म्हणायला लागलात तर वर्गात हसणंच बंद होईल. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. मुलांना उपरोध आवडतो. सहा-सात वर्षांच्या सुमाराला तो कळायला लागतो, मग पुढे काही वर्षं ती कोणाशीही सरळ बोलत नाहीत. आणि ज्या घरात कधीच कोणी तिरकं बोलत नाही, तिथे दोन दिवस राहून पाहा. तिसऱ्या दिवशी एसटी शोधाल.

म्हणून 'नकोच' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. बरोबरीच्या माणसांत उपरोध हा जिव्हाळ्याचाच प्रकार असतो. जुना मित्र दोन वर्षांनी भेटला आणि "जिवंत आहेस होय!" म्हणाला, तर त्यात दोन वर्षांची आठवण आणि दोन वर्षांचा राग एकदम येतो. "तुझी फार आठवण यायची" हे वाक्य आपल्या बोलण्यात अजून नीट बसलेलं नाही, त्याचं काम हा टोमणा करतो. नवरा-बायकोचं तर विचारायलाच नको. तिथे पाळी उलटते, आज एकाने खाल्लेला चिमटा उद्या दुसऱ्याला परत मिळतो. जिथे उलट बोलता येतं, तिथे उपरोध खेळ असतो. वर्गातल्या त्या मुलाला उलट बोलता येत नव्हतं. "सर, मग तुम्ही कोण?" असं तो म्हणू शकला असता तर मी हा परिच्छेद लिहिलाच नसता.

एक अडचण मात्र उरते आणि ती मला सुटलेली नाही. चाळीशीतल्या मुलाला म्हातारा बाप म्हणतो, "तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला वेळ कुठला!" यात वरचढ कोण? बाप वडील आहे, पण आता मुलाच्या हाताकडे बघणारा आहे. "मला भेटायला येत जा" हे त्याच्याने म्हणवत नाही, मानी माणूस. हा टोमणा मुलाला बोचतो आणि तो पुढच्या महिन्यात आणखी कमी येतो. म्हणजे कमजोराचं हत्यारही कधी त्याच्याच हातात फुटतं. 'लेकी बोले, सुने लागे' ही म्हण सोय म्हणून सांगतात, पण सुनेला लागलेलं वर्षानुवर्षं निघत नाही, ते म्हणीत कुठे येतं?

हिंगोली जिल्ह्याला या बाबतीत एक जुनी गोष्ट वारशाने मिळाली आहे. नामदेव इथल्याच नरसीचे मानले जातात. आख्यायिका अशी, की संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाईने गोरोबाकाकांना सांगितलं, तुम्ही कुंभार, बघा बरं यातली मडकी कोणती पक्की आणि कोणती कच्ची. काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव रागावले, आणि तेच कच्चं मडकं ठरलं. ही थट्टा होती आणि टोचणारी होती. नामदेव रुसून पंढरपुरी विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलाने त्यांना औंढ्या नागनाथाला, विसोबा खेचरांकडे पाठवलं. औंढाही याच जिल्ह्यात. तिथे पाहतात तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हटकलं तेव्हा ते म्हणाले, माझे पाय तूच उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव.

हे उत्तरही तिरकंच, पण त्यात नामदेवांना करण्यासारखं काहीतरी होतं. पाय उचलायचे, जागा शोधायची, आणि ती सापडत नाही हे स्वतः पाहायचं. 'शेक्सपिअर' म्हणवून घेतलेल्या मुलाला खाली बसण्याखेरीज काही करण्यासारखं नव्हतं. आणि ज्यांनी गोष्टी रचल्या त्यांनी हेही सांगून ठेवलं आहे, की हेच विसोबा एकेकाळी ज्ञानदेवादी भावंडांची टवाळी करणाऱ्यांत होते. म्हणजे तिरकं बोलण्याचे दोन्ही प्रकार त्यांना आतून माहीत होते.

मग शाळेत इंग्रजी उपरोध शिकवावा का? कळण्यापुरता शिकवावा, असं माझं मत आहे. दहावीच्या आत दोन तास पुरेत. इंग्रज माणूस फार म्हणजे फारच गोड बोलायला लागला तर थांबून मागचं वाक्य पुन्हा वाचायचं, एवढं कळलं तरी मुलांची बरीच फजिती टळेल. वापरायला शिकवायची गरज नाही. ज्या भाषेत आपण अजून चाचपडत चालतो, त्या भाषेत तिरकं चालायला जाऊ नये, आणि स्वतःच्या भाषेत तर हे काम आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

तो मुलगा पुण्यातच आहे. मध्यंतरी त्याला पुन्हा तसाच निरोप आला, "व्हॉट अ स्पीड!" या वेळी त्याला अर्थ कळला. त्याने वेड पांघरून पेडगाव गाठलं आणि अगदी नम्र इंग्रजीत उलट विचारलं, सर, हे काम कोणत्या तारखेपर्यंत हवं होतं, पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो. तासाभराने उत्तर आलं. त्यात फक्त एक तारीख होती.